घबाडूचा हात

मुलांनो, तुमचा उजवा हात जरा पुढे करा. त्यावर एक मोठा रुमाल पसरलाय असं समजा. आता रुमालाखालून दुसऱ्या कुणाचा तरी हात येतो आणि तुमची बोटं धरतो. तीन बोटं दाबतो आणि थांबतो. तुम्ही त्याची दोनच दाबता. तो पुन्हा तीन दाबतो, पण या खेपेला जरा सैल. तोंडानं कुणीच बोलत नाही. भोवती शंभर माणसं उभी असली, तरी त्यांना हलणाऱ्या रुमालापलीकडे काही दिसत नाही.

गुरांच्या बाजारात बैलांचे सौदे असेच व्हायचे. बोट म्हणजे आकडा. जितकी बोटं धरली तितका भाव, आणि बोट मधल्या पेरावर मुडपलं तर अर्धा. नवशिक्याला वाटतं, ही आकड्यांची भाषा आहे. पण मुरलेले दलाल सांगतात की आकडा वरवरचा असतो. खरी गोष्ट असते समोरच्या बोटांची थरथर. ज्याला बैल मनापासून आवडलाय, त्याचा हात गप्प राहूच शकत नाही.

आता कल्पनेला आणखी थोडा ताण द्या. तुमची बोटं धरणारा हात मऊ आहे, कोमट आहे, पण माणसाचा नाही. वर बघितलं तर बेडकासारखा गळा फुगवून, शेवाळी रंगाचा, अंगभर खिसेच खिसे असलेला एक परग्रहावरचा व्यापारी तुमच्याकडे बघून हसतोय. त्याचं नाव घबाडू. किती वर्षांनी घडेल हे? फार नाही. तुमच्यातल्या सगळ्यात धाकट्याला मिसरूड फुटेल तेवढ्यात.

राजनंदिनी अशाच रुमालासमोर उभी होती. वय अकरा, घरातलं नाव नंदू, आणि राहत्या पेठेतल्या मुलींच्या फुटबॉल संघाची ती गोलकीपर.

"या, या, पृथ्वीवरच्या गिऱ्हाईका!" घबाडूनं गळा फुगवला. "काय आणलंस? आणि वर काय?"

"आणि वर काय?" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. 'ताऱ्यांची पेठ' या चित्रपटमालेच्या पाचही भागांत तो ते म्हणतो. त्याला एक अख्खा चंद्र दिला, तरी तो आधी खिशात घालतो आणि मग विचारतो, "आणि वर काय?" त्याच्या ग्रहावर काही पिकत नाही, काही बनत नाही. तिथली माणसं फक्त घेतात. पोरांना तो इतका आवडायचा की कोल्हापूरबाहेरच्या माळावर, जिथं हे चित्रपट तयार झाले त्या स्टुडिओनं, त्याची खरीखुरी पेठ उभारली होती. घरातली एखादी वस्तू न्यायची, रुमालाखाली हात घालायचा आणि घबाडूशी अदलाबदल करायची. तिथं पैसे चालत नसत. एका पोरानं बहिणीची शिट्टी देऊन घबाडूच्या अंगरख्याचा खिसा मिळवला होता, आणि नंतर बहिणीचा मार.

नंदूनं त्या दिवशी एक तुटकं कुलूप आणलं होतं. दर रविवारी ती असंच काहीतरी आणायची. घबाडूनं तिची बोटं चाचपली, दाबली, पुन्हा चाचपली. मग त्याचे दोन्ही डोळे दोन दिशांना फिरले.

"तुला काहीतरी हवंय," तो म्हणाला. "फार हवंय. पण माझ्या दुकानातल्या कुठल्याच वस्तूकडं तुझं लक्ष नाही. काय हवंय गं तुला?"

नंदूनं त्याची बोटं आणखी घट्ट धरली. तिला एवढंच हवं होतं की त्यानं हात सोडू नये.

"ए नंदे!" मागून आवाज आला. पेठेचे व्यवस्थापक कुलदीप मेंगाणे मागची रांग आवरत होते. "किती वेळ? यंत्राला फेफरं आणशील एक दिवस. मागं पन्नास पोरं उभी आहेत."

"झालंच की, काका."

हात सुटता सुटता घबाडूच्या अंगठ्यानं तिच्या तळव्यावर दोनदा खाजवल्यासारखं केलं. ही लकब चित्रपटाच्या कथेत लिहिलेली नव्हती. ही तिच्या आबांची होती.

आबा म्हणजे नंदूच्या आईचे वडील, बाळकू शिणगारे, बाजारातल्या दलालाचं पोर. बाजार ओसरला तसे ते स्टुडिओत सुतारकामाला लागले. एकदा लाकूडवाल्याशी भाव करताना त्यांनी सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला. ते दिग्दर्शकानं पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आबांना घबाडूच्या रबरी अंगात घातलं. आवाज दुसऱ्याचा, डोळे मोटरीचे, पण रुमालाखालचे हात आबांचे. पुढं जेव्हा पेठ काढायचं ठरलं, तेव्हा आबांच्या बोटांना केसाएवढ्या तारांचा हातमोजा चढवून चाळीस दिवस त्यांच्याकडून सौदे करून घेतले. कुठलं बोट कधी वळलं, किती जोर लागला, सगळं टिपून घेतलं आणि त्यावरून यंत्राला शिकवलं.

यंत्र शिकतं म्हणजे काय, हे इथं नीट समजून घ्या. लहान बाळ जसं हजारदा ऐकून एक शब्द उचलतं, तसं यंत्र हजारो उदाहरणं चाळून त्यातली सवय उचलतं. त्याला समज नसते, सवय असते. घबाडूच्या मऊ कातडीखाली तीन गोष्टी मोजणारी उपकरणं होती. पहिली, समोरच्याची नाडी. दुसरी, तळव्यावरचा घाम, कारण मन ओढ घेतं तेव्हा तळवा किंचित ओला होतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, बोटांची बारीक हालचाल. आपल्याला काही हवं असलं की बोटं आपल्या नकळत मिटू लागतात. डोळ्यांना ते दिसणारही नाही, पण यंत्राला दिसतं. या तिन्हींवरून घबाडूला कळायचं की तुमचा जीव कशात आणि किती अडकलाय. आणि जितका जीव जास्त, तितकी किंमत जास्त. शाळेत लोभ या शब्दाचा अर्थ काहीही शिकवोत, यंत्रात तो या एका वाक्यात लिहिलेला होता.

आठ महिन्यांपूर्वी आबांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली. जीव वाचला. पण उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. दोनच शब्द उरले. "व्हय" आणि "हॅट". एवढ्यावर ते दिवस काढत. भाजी चांगली झाली तर "व्हय", बातम्या लागल्या की "हॅट".

खरी अडचण नंदूला सांगता येण्यासारखी नव्हती. तिला त्या हाताची भीती वाटायची. ज्या हातानं तिला सायकल धरून शिकवलं, तो आता ओल्या कणकेसारखा मांडीवर पडलेला असायचा. आई रोज दुपारी त्याची बोटं उघडायची, मिटायची, चोळायची. नंदूची पाळी आली की ती दोन मिनिटं कशीबशी काढायची आणि "सराव आहे" म्हणून पळायची. आणि रविवारी मात्र सामना आटोपला की गुडघ्यावरची माती तशीच घेऊन पेठेत. तिथं आबांचा हात होता, कोमट, जिता, पूर्वीसारखा. फक्त तो घबाडूच्या खांद्याला लावलेला होता.

एका दुपारी फिजिओ तांबोळी मॅडम आल्या होत्या. त्यांनी आबांची बोटं एकेक करून उचलून सोडली.

"नस मेलेली नाही हो," त्या आईला म्हणाल्या. "मेंदूतला रस्ता बुजलाय. तीच हालचाल हजारदा झाली की मेंदू शेजारून पायवाट काढतो. हल्ली मोटरीचे हातमोजे मिळतात, बोटं आपोआप हलवणारे. आमच्या दवाखान्यात आहे एक. पण त्यात कुठल्या तरी परक्या माणसाच्या हालचाली भरलेल्या असतात. पेशंटच्या स्वतःच्या जुन्या हालचाली मिळाल्या असत्या, तर मेंदूला ओळखीची वाट सापडायला सोपं गेलं असतं. पण आजारी पडण्याआधी स्वतःच्या हाताची नोंद करून ठेवतंय कोण?"

आई आणि नंदूनं एकमेकींकडं पाहिलं.

"व्हय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघी मेंगाण्यांच्या कचेरीत होत्या. मेंगाणे वाईट माणूस नव्हते. आबांबरोबर त्यांनी पंधरा वर्षं चहा प्यायला होता.

"अस्मिताताई, माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं," ते आईला म्हणाले. "पण नोंद आबांनी लिहून दिलीय. मालकी स्टुडिओची. मुंबईच्या मुख्य कचेरीला विचारलं तर तिथले वकील सहा महिने उत्तर देणार नाहीत आणि मग नाही म्हणणार."

नंदू भिंतीवरची जाहिरात वाचत होती. "काका, हे खरंय? 'पेठेत दिसेल ते मागा, सौदा पटला तर तुमचं.'"

"खरं म्हणजे... होय. तो नियमच आहे. गेल्या वर्षी एकानं दुकानाची पाटी मागितली. पटलं. द्यावी लागली."

"मग मी त्याचा हात मागणार."

मेंगाण्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "अगं, हाताचं रबर घेऊन काय करशील?"

"रबर नको. त्यातलं बोटांचं चालणं पाहिजे. आबांचं."

त्यांनी जाहिरात पुन्हा एकदा वाचून काढली. मग म्हणाले, "मागून बघ. पटलं तर तेवढी नोंद काढून द्यायला मला कुणी अडवणार नाही. पण पोरी, तो लोभी आहे. तसाच बनवलाय. खरं सांगू? तुझ्या आबांनी चाळीस दिवसांत तीनशे सौदे केले. त्यातल्या कितीतरी वेळा समोरच्याचा हात फार थरथरला की ते बोटं सैल सोडायचे. 'गरजू आहे, जाऊ दे', असं. ते सगळे सौदे आम्ही वगळले. घबाडूला शोभत नव्हते ना."

हेही विसरू नका. यंत्राला काय दाखवलं, हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याच्यापासून काय लपवलं, तेही.

रविवारी नंदूनं रुमालाखाली हात घातला आणि मोठ्यानं म्हणाली, "मला तुझा हात पाहिजे. त्यातलं सगळं चालणं."

घबाडूचे डोळे स्थिर झाले. त्याच्या बोटांनी तिची बोटं धरली. आणि नंदूच्या लक्षात आलं की आपला तळवा घामानं भिजलाय. तिनं बोटं ताठ ठेवायचा प्रयत्न केला. पेनल्टी अडवताना ती शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही, सगळा संघ त्याबद्दल तिचं कौतुक करतो. पण पायांना गप्प बसवणं वेगळं आणि बोटांना वेगळं.

"अहाहा!" घबाडू जवळजवळ गाऊ लागला. "सापडलं! हेच हवं होतं होय तुला?" त्यानं तिची पाचही बोटं दाबली. सोडली. पुन्हा पाचही दाबली.

"दहा काय?" नंदूनं विचारलं.

"दहा वर्षं. दर रविवारी, दिवसभर, तू माझ्या पेठेत उभी राहायचं. तुझा हात, तुझा चेहरा, तुझा आवाज माझा. मला एक पोरगी हवीच आहे दुकानात. आणि वर काय?"

पुढच्या चित्रपटासाठी एका मुलीची नोंद हवी आहे, हे कुणीतरी यंत्राच्या यादीत लिहून ठेवलं होतं. घबाडूनं ते बरोबर शोधून काढलं. तिचे सगळे रविवार. म्हणजे सगळे सामने.

नंदूनं हात ओढून घेतला. पण "नाही" म्हटलं नाही. मेंगाण्यांनी ते ओळखलं आणि पुढच्या पोराला घाईघाईनं आत घेतलं.

"मी देणार," घरी येऊन ती म्हणाली.

"काही देणार नाहीस," आई म्हणाली. ती कणीक मळत होती आणि परातीवर जोर निघत होता. "दहा वर्षं म्हणजे काय कळतंय का? त्यांना आबांचा हात पुरला नाही, आता माझी पोरगी पाहिजे!"

"पण आई, आबांना..."

"हॅट!" आबा ओरडले. असं जोरानं ते आठ महिन्यांत ओरडले नव्हते. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा आपटला. "हॅट! हॅट!"

नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग काय करू? त्याला सगळं कळतं. मी बोटं दगडासारखी धरली होती, तरी कळलं."

आईनं परात बाजूला सरकवली. "आबा सांगायचे," ती म्हणाली, "ज्याचं बैलावर मन बसलंय त्यानं रुमालाखाली हात घालूच नये. म्हणून तर दलाल लागतो. बैल मिळाला काय आन् न मिळाला काय, ज्याच्या हाताला सोयरसुतक नाही, असा थंड हात."

"तू घाल की मग."

"माझा थंड राहील होय?" आई हसली, पण ते हसू नव्हतं.

नंदूनं मेंगाणेकाकांचा विचार केला. त्यांचा हात आधीच घामेजलेला असतो. तांबोळी मॅडमचा? शेजारच्यांचा? एकेक हात मनात आणत ती खोलीत फिरत राहिली आणि आबांच्या खुर्चीसमोर येऊन थबकली. मांडीवर तो पडला होता. कणकेसारखा.

ती खाली बसली. खूप दिवसांनी तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. थंड होता. कोरडा होता. बोटं जशी वळवली तशी राहत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "सगळ्या कोल्हापुरात याच्याएवढा थंड हात कुणाचा आहे?"

आईचे पिठाचे हात तसेच वर राहिले. आणि मग ती खरंच हसली, आठ महिन्यांचं साठलेलं. आबाही हसले, अर्ध्या ओठानं.

"व्हय," ते म्हणाले. "व्हय, व्हय!"

मग आठवडाभर तालीम चालली. शाळा सुटली की नंदू आबांच्या समोर स्टूल टाकून बसायची, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पसरायची आणि घबाडू व्हायची. चार बोटं दाब, सोड. दोन दाब, सोड. अर्धं मुडप. मध्येच गळा फुगवून "आणि वर काय?" विचारायची, आबांना हसवायचा प्रयत्न करायची, आणि रुमालाखाली काही हललं तर नाही ना, ते तपासायची. काहीच हलायचं नाही.

"शाब्बास आबा! एकदम मढ्यासारखा!"

"अगं काय बोलतीस!" आई आतून ओरडायची.

दोन मिनिटांत पळणारी पोरगी आता तास तासभर तो हात सोडत नव्हती. शंभर सौदे झाले, दोनशे झाले, पाचशेनंतर तिनं मोजणं सोडलं. भीती कधी गेली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी चाकाच्या खुर्चीतून आबा पेठेत आले तेव्हा रांगेतली पोरं बाजूला झाली. मेंगाणे धावत आले.

"आबा! तुम्ही? आणि सौदा तुम्ही करणार? अहो, पण उजवाच हात घालावा लागतो. तो तर..."

"हात चालता पाहिजे असं नियमात कुठं लिहिलंय, काका?" नंदूनं विचारलं.

मेंगाणे बाजूला झाले.

आईनं आबांचा हात उचलून फळीवर ठेवला. नंदूनं रुमाल पसरला. वरून घबाडूचा हात आत शिरला. एकाच माणसाचे दोन हात, एक दहा वर्षांपूर्वीचा आणि एक आजचा, त्या रुमालाखाली भेटले. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"या, या, पृथ्वीवरच्या गिऱ्हाईका! काय हवं?"

"तुझ्या हातातलं चालणं," नंदू आबांच्या वतीनं म्हणाली. "बाकी बोलणं बोटांचं."

रुमाल हलला. पाच आणि पाच. मागच्या वेळचीच किंमत. घबाडू थांबला. समोरून उत्तर नाही. घाम नाही. बोटांत ओढ नाही. नाडी तेवढी चालू होती, पण तिपाईचा एकच पाय उभा असला तर तिच्यावर काय ठेवणार? बाजारच्या रीतीनं गप्प हात म्हणजे नकार. घबाडूला रीत ठाऊक होती.

"आठ," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "सहा." त्याचा गळा फुगायचा थांबला. "गिऱ्हाईक कसलेलं आहे."

आबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट आवळलेला होता. त्याची पेरं पांढरी पडली होती. पण तो रुमालाबाहेर होता, आणि घबाडूला त्यातलं काही कळत नव्हतं.

"तीन."

रांगेतली पोरं पुढं सरकली. कुणीतरी कुजबुजलं, "च्यायला, घबाडू हरतोय!" त्याच्या शेजारच्यानं त्याला गप्प केलं.

"दीड. एक." घबाडूची बोटं पुन्हा पुन्हा आबांची बोटं चाचपत होती, उलटसुलट, अधीरपणे, जसा आंधळा माणूस खिशातली किल्ली शोधतो. जगातल्या प्रत्येक हातात त्याला काही ना काही हवंसं सापडलं होतं. इथं काहीच नव्हतं. "अर्धं. म्हणजे सहा महिने... नको? वर काही... वर काही नको मला."

मेंगाण्यांनी नंदूच्या कानात सांगितलं, "आणखी एकदा गप्प राहिला की वस्तू फुकट. ज्याला गिऱ्हाईक नाही ती तो भंगारात काढतो. नियम आहे."

नंदूनं श्वास रोखला. आईनं तिचा खांदा धरला.

घबाडूनं शेवटचा प्रयत्न केला. कुठल्याही सौद्याच्या सुरुवातीला आबाच जसं करत, तसं: आधी करंगळी धरली, मग अनामिका, मग दोन्ही एकदम, हलकेच.

आणि रुमाल हलला.

घबाडूच्या बाजूनं नव्हे. आबांच्या बाजूनं. उंदीर पांघरुणाखाली सरकावा तेवढाच.

"अहाहाहा!" घबाडूचा गळा ढोलासारखा फुगला. "हवंय! हवंय तर! दाबलं त्यानं! मी म्हणतच होतो! दहा! नाही, बारा वर्षं! आणि वर काय?"

रांगेतून मोठा हताश सूर निघाला. मेंगाण्यांनी कपाळावर हात मारला. एकच क्षण आबा गप्प राहिले असते तर! पोरांच्या मते सौदा बुडाला होता, आणि पोरांचं चुकत नव्हतं. नोंद जवळ आली होती, हातभर अंतरावर, फुकटात, आणि आता ती पहिल्यापेक्षाही लांब गेली होती.

पण आई त्या किमतीकडं बघत नव्हती. ती आबांच्या तोंडाकडं बघत होती. आबांचं तोंड उघडं पडलं होतं. त्यांना "व्हय" म्हणायचं होतं की "हॅट", ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

नंदूला कळायला थोडा वेळ लागला. आधी तिला वाटलं, आपण हरलो. मग तिला आठवडाभराचे ते सगळे सौदे आठवले, चार दाब, दोन दाब, अर्धं मुडप. आणि तांबोळी मॅडमनी सांगितलेली ती मेंदूतली पायवाटही. घबाडू पुढं चौदा वर्षांवर गेला होता आणि ओरडत होता.

बाजारात शेकडो वर्षं एक गोष्ट कुणी केलेली नाही. सौदा चालू असताना रुमाल उचलायचा नाही. उचलला तर सौदा तिथंच मोडतो आणि त्या वस्तूला पुन्हा हात लावता येत नाही.

नंदूनं रुमाल उचलला. भर उजेडात, सगळ्यांसमोर. घबाडूची मऊ बोटं तिनं आबांच्या बोटांवरून एकेक करून सोडवली, त्यांच्या जागी स्वतःची करंगळी आणि अनामिका ठेवली आणि म्हणाली, "आबा, मी धरलंय. परत एकदा दाबा."